लॅपटॉपच्या झाकणावर सावित्रीबाई

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय पोरासोरांचं घेऊन बसली! पण या विषयावरून आमच्या गटात महिनाभर वाद चालला होता. म्हणून म्हटलं, आज यावरच बोलू.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंनी गटातून कर्ज काढून लेकीला लॅपटॉप घेऊन दिला. लेक वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकते. दिवाळीत ती घरी आली, तर लॅपटॉपच्या झाकणावर सावित्रीबाई फुले! कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर, हातात पुस्तक. सगळं हातानं काढलेलं, आणि तेही नेलपॉलिशनं. ताईंचा जीव खालीवर झाला. हप्ते फिटले नाहीत आणि पोरीनं मशीन रंगवून ठेवली! पोरगी म्हणाली, "माय, खोलीत चार जणींचे लॅपटॉप सारखेच दिसतात. अन् घरी आली की दादा उचलून नेतो. आता सगळ्यांना समजते, हा माहा आहे."

त्या बोलण्यानं ताई गप्प झाल्या. आपणही पितळेच्या भांड्यावर नाव कोरून घेतोच की नाही? वस्तू कोणाची, हे दिसलं पाहिजे. पोरीच्या नावावर घरात दुसरं काय असतं?

आवडत्या माणसाचं किंवा आवडत्या गोष्टीतल्या पात्राचं चित्र चाहत्यानं स्वतः काढायचं, त्याला आजकालची मुलं 'फॅन आर्ट' म्हणतात. शब्द नवा आहे, रीत जुनी आहे. आपल्याच सेवाग्रामला बापूकुटीत जा. मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढलेला दिसेल. ते काम मीराबेननं केलेलं. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, त्याच गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. ज्याच्यावर श्रद्धा, त्याच्या कामाची खूण भिंतीवर उमटवायची, एवढंच मीराबेननं केलं. तिकडे डहाणू-पालघरकडे वारली बाया लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. ही भिंतीवरची कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर आलेलं चित्र आता लॅपटॉपवर आलं, तर त्यात नवल ते काय?

पण मैत्रिणींनो, भिंत आणि मशीन यांत फरक आहे. भिंत पुन्हा सारवता येते.

पहिली गोष्ट, रंग थेट मशीनवर लावू नका. नेलपॉलिश, तैलरंग प्लास्टिकला घट्ट धरतात. मग ते काढायला नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावला, की प्लास्टिकच विरघळतं आणि झाकणावर पांढरट डाग पडतो. आमच्या ताईंनी तेच करायला घेतलं होतं, वेळेवर हात धरला म्हणून बरं. त्यापेक्षा मोटारसायकलवर नावं टाकणाऱ्या रेडियमवाल्याच्या दुकानातून साधा चिकट कागद आणा. आधी वर्तमानपत्र झाकणावर ठेवून माप कापून घ्या, कडेनं बोटभर जागा सोडा. चित्र त्या कागदावर काढा. पक्क्या शाईचा मार्कर किंवा अॅक्रिलिक रंग चालतो. पूर्ण वाळू द्या, वरून पारदर्शक चिकट फिल्म लावा, म्हणजे घामाच्या हातानं चित्र फिसकटत नाही. गडद रंगाचं झाकण असेल, तर पांढऱ्या कागदातून आकृत्या कापून चिकटवा, गेरूच्या भिंतीसारखं छान उठून दिसतं.

दुसरी गोष्ट, जागा ओळखा. सजवायचं ते फक्त बाहेरचं झाकण. लॅपटॉपच्या खाली आणि कडेला जाळी असते, तिथून आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो. ती जाळी झाकली, की मशीन तापते, मंद होते, कधी आपोआप बंद पडते. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला सांगायलाच नको. खालच्या बाजूला नंबराची चिठ्ठी असते. दुरुस्तीला आणि वॉरंटीला तो नंबर लागतो, तीही झाकू नका. बिजागरीवर काही चिकटवू नका, उघडमिटीत ते गोळा होऊन अडकतं.

तिसरी गोष्ट, आतल्या बाजूला, कळांच्या आजूबाजूला टिकल्या, आरसे, खडे अजिबात नकोत. झाकण मिटलं, की ते पडद्यावर दाबले जातात आणि काच तडकते. पडदा बदलणं म्हणजे मोठा खर्च. चकचकीत धातूचा कागदही झाकणावर नको. बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटरनेटचा अँटेना पडद्याच्या आजूबाजूलाच असतो, धातूमुळे रेंज कमी होऊ शकते.

चिकटवायच्या आधी मशीन बंद करा, चार्जर काढा, कोरड्या मऊ फडक्यानं झाकण पुसा. एका कडेनं हळूहळू लावत जा, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. पुढे काढायचं झालं, तर कोपऱ्यातून सावकाश सोलायचं. चिकटपणा उरला, तर फडक्याला थेंबभर खोबरेल तेल लावून पुसा. तेल थेट मशीनवर ओतू नका.

आता एक प्रश्न गटात आला. एक जण म्हणाली, "अशी चित्रं करून विकली तर?" विचार चांगला आहे, पण जपून. सिनेमातल्या, कार्टूनमधल्या पात्रांवर दुसऱ्याचा हक्क असतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्रावर चित्रकाराचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्याच्यामागे ६० वर्षं राहतो. स्वतःच्या खासगी वापरापुरती कायद्यात मुभा आहे, पण दुसऱ्याचं पात्र काढून बाजारात विकलं, तर अडचण येऊ शकते. विकायचंच असेल, तर आपली रांगोळी, आपली नक्षी, आपल्या मनानं काढलेलं पळसाचं फूल, बैलजोडी काढा. त्याला कोणी हरकत घेणार नाही.

आणि त्या पोरीचं काय झालं? नेलपॉलिशचं चित्र तसंच ठेवलं, त्यावर फिल्म लावून दिली. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा अंगावर शेण-चिखल झेलला. त्यांचं चित्र खरवडून काढायचं कोणाच्या मनात येईल? दादा अजूनही लॅपटॉप मागतो. पण आता मागतो, उचलून नेत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीनं लॅपटॉपवर चित्र काढलं तर ओरडायच्या आधी विचारा, कोणाचं आहे? का काढलं? मग जाळी मोकळी आहे ना, एवढं बघा.