साप नर की मादी?

जयपुरात हवामहालासमोर किंवा अंबेर किल्ल्याच्या चढावर कालबेलिया गारुडी पुंगी फुंकीत बसलेला दिसणे ही एके काळी नित्याची गोष्ट होती. पुढ्यातील एका टोपलीतला साप 'नाग' आणि दुसरीतली ती 'नागीण', असे गारुडी सांगत, आणि प्रवासीही ते निःशंकपणे मान्य करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगणे गुन्हा ठरला व टोपल्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. कालबेलियांचे नाव पुढे त्यांच्या नृत्याने व गीतांनी राखले. २०१० साली युनेस्कोने त्यांस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु गारुड्याच्या त्या विधानाचे काय? दोन साप समोर असता त्यांतील नर कोणता व मादी कोणती, हे नुसते पाहून सांगता येते काय?

महाराष्ट्रात या प्रश्नास एक तयार उत्तर आहे: धामण ही नागाची मादी. हे उत्तर साफ चुकीचे आहे. नाग आणि धामण हे दोन वेगळ्या कुळांतील साप होत. नाग विषारी, धामण बिनविषारी. त्यांचा संकर होत नाही. नागांत नरही असतात व माद्याही असतात, आणि दोघेही सारखाच फणा काढतात. धामणींतही नर असतातच. या गैरसमजाची किंमत मात्र धामण भरते. शेतातील उंदीर खाऊन धान्य वाचवणारा हा निरुपद्रवी प्राणी, 'नागीण' म्हणून काठीखाली मरतो.

हा घोटाळा काही अंशी भाषेनेही केला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मराठीत नाग पुल्लिंगी, धामण व नानेटी स्त्रीलिंगी, तर फुरसे आणि मांडूळ चक्क नपुंसकलिंगी! व्याकरणाच्या या लिंगाचा प्राण्याच्या लिंगाशी काडीमात्र संबंध नाही. फुरशांतही नर व माद्या असतात. परंतु शब्द कानावर पडला की चित्र मनात उमटते, आणि मग 'तो' नाग व 'ती' धामण यांचे लग्न लागण्यास वेळ लागत नाही.

आता शरीररचनेकडे वळू. सापाच्या पोटाखालील रुंद खवले जेथे संपतात तेथे एक आडवी फट असते. मल, मूत्र, अंडी हे सर्व येथूनच बाहेर पडते. या द्वारास अवस्कर-द्वार म्हणतात, आणि त्याच्या पुढे जी असते ती सापाची खरी शेपटी. नराची मैथुनेंद्रिये एक नसून दोन असतात, आणि ती हातमोज्याचे बोट आत उलटवावे तशी उलटी होऊन शेपटीच्या मुळाशी दडलेली असतात. समागमाच्या वेळी त्यांपैकी एक बाहेर उलटते. मारलेला साप विस्तवावर टाकला असता दोन्ही अवयव कधीकधी बाहेर येतात, आणि 'सापाला पाय फुटले' म्हणून गाव गोळा होते!

या दडलेल्या अवयवांना व त्यांच्या स्नायूंना जागा हवी. म्हणून नराची शेपटी बहुधा लांब, मुळाशी जाड आणि सावकाश निमुळती होत जाणारी असते. मादीची तुलनेने आखूड व द्वारानंतर एकदम बारीक होणारी. शेपटीखालच्या खवल्यांची संख्याही नरात बहुधा अधिक भरते. टाकलेली कात अखंड मिळाली तर तिच्यावरही हे खवले मोजता येतात, आणि सापास हातही लावावा लागत नाही. पण 'बहुधा' हा शब्द वाचकांनी विसरू नये. दोन्ही लिंगांची मापे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, आणि पिलांत तर फरक जवळजवळ दिसतच नाही.

अजगराच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. अजगराच्या पूर्वजांस मागचे पाय होते. त्यांचे अवशेष म्हणून द्वाराच्या दोन्ही बाजूंस नखासारखे दोन काटे उरले आहेत. नरात ते सामान्यतः मोठे असतात व प्रणयकाळी मादीच्या अंगावरून घासण्याच्या कामी येतात. रंगावरून ओळख पटावी असे साप फार थोडे. युरोपातील एका विषारी सापाचा नर राखी व काळ्या नागमोडी पट्ट्याचा, तर मादी तपकिरी असते. मादागास्करमधील एका वृक्षवासी सापात नराचे नाक भाल्यासारखे टोकदार व मादीचे पानासारखे चपटे असते. आपल्या नाग, मण्यार, घोणस यांत मात्र असा सोयीस्कर भेद नाही.

खात्री करावयाची तर प्राणिवैद्य बोथट, गुळगुळीत शलाका वंगण लावून अवस्कर-द्वारातून शेपटीच्या दिशेने अलगद सारतात. मादीत ती दोनचार खवल्यांच्या अंतरावर थांबते. नरात ती उलट्या पडलेल्या इंद्रियाच्या पोकळीत शिरून सामान्यतः आठदहा खवल्यांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाते. वर्णन सोपे आहे, कृती नव्हे. जरा जोर झाला तर आतील नाजूक पडदा फाटतो आणि साप कायमचा निकामी होतो. नुकत्या जन्मलेल्या पिलांची शेपटी अंगठ्याने हलके दाबून इंद्रिये बाहेर येतात का हे पाहण्याची दुसरी रीत आहे. तीतही अननुभवी हातांनी पिलू जायबंदी होते. म्हणून ही दोन्ही कामे हौशी माणसाने करू नयेत. मोठ्या सापांसाठी सोनोग्राफीचाही उपयोग करतात.

हौशी माणसाचा उल्लेख निष्कारण केलेला नाही. देशी साप पाळण्यास बंदी असली, तरी आफ्रिकेतील बॉल पायथन जातीचा लहान अजगर अलीकडे आपल्या शहरांतील घरांतूनही आढळू लागला आहे. आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या अशा विदेशी प्राण्यांची नोंद करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले असून पिले झाल्यास तेही कळवावे लागते. 'दोन नर' म्हणून एकत्र ठेवलेल्या जोडीने अंडी दिली, की मालकाची जी धांदल उडते तिची कल्पना करावी! एकटी मादीही यास अपवाद नाही. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या अशाच एका मादीने २०२० साली सात अंडी घातली. पंधरा वर्षांहून अधिक काळ ती नराच्या सान्निध्यात आली नव्हती.

उघड्या रानात पाहणाऱ्याची फसगत निराळ्या प्रकारे होते. दोन धामणी एकमेकींस पीळ घालून जमिनीपासून हात-दीड हात उंच उभ्या राहिल्या, की लोक त्यास नर-मादीचे मीलन समजतात, आणि भाग्य उजळावे म्हणून त्यांच्यावर नवे वस्त्र टाकतात. वस्तुतः ते बहुतेक वेळा दोन नरांचे द्वंद्व असते. प्रत्येक नर दुसऱ्यास खाली दाबू पाहतो, चावा सहसा घेत नाही, आणि हरलेला निघून जातो. मीलनात साप बहुधा जमिनीलगतच राहतात. सूड घेणाऱ्या नागिणीची कथाही याच जातीची. नर मादीचा माग तिच्या त्वचेतील गंधद्रव्यांवरून काढतो. मादी मारली गेल्यावर त्या जागी दुसरा साप दिसला, तर तो वासावर आलेला नर असू शकतो. त्यास वैर ठाऊक नसते.

लिंग मुळात ठरते ते गुणसूत्रांनी. मनुष्यात मुलगा की मुलगी हे पित्याच्या गुणसूत्रावर अवलंबून असते. नाग, मण्यार, घोणस यांत मात्र ते मातेवर अवलंबून असते, कारण झेड व डब्ल्यू अशी भिन्न जोडी मादीपाशी असते. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. रायचौधुरी यांच्या हाताखाली सापांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणारे लालजी सिंह यांनी पुढे एडिंबरो येथे पट्टेरी मण्यारीच्या मादीतील डब्ल्यू गुणसूत्रावर विपुल आढळणारा एक विशिष्ट डीएनए-क्रम शोधून काढला. त्याच्याच आधारे १९८८ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत माणसांची ओळख पटविण्याचे भारतीय तंत्र सिद्ध झाले. राजीव गांधी यांच्या १९९१ मधील हत्येच्या तपासातही त्याचा उपयोग झाला. सापाच्या मादीचा शोध असा न्यायालयापर्यंत पोहोचला.

अखेरीस एका चिमुकल्या सापाचा उल्लेख केला पाहिजे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीत किंवा कुंडीच्या मातीत गांडुळासारखा वळवळणारा, काळसर चकचकीत साप बहुतेकांनी पाहिला असेल. त्यास वाळा म्हणतात. नाव पुल्लिंगी आहे; तथापि या जातीत नरच नाहीत. प्रत्येक वाळा मादी असतो, आणि निषेचनावाचून अंडी घालून पुन्हा माद्याच निर्माण करतो. त्यामुळे कुंडीच्या मातीतून एकच वाळा परमुलखात गेला, तरी तेथे त्याचा वंश वाढू शकतो. आणि याच रीतीने तो आज जगातील बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत जाऊन पोहोचला आहे.