नव्या घरांतील अग्निसुरक्षेचे नियम आणि ग्रामीण वस्ती

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील डिंगोरे या जुन्नर तालुक्यातील गावी कोणी नवे घर बांधू लागला, तर त्याने छताला स्प्रिंकलर, म्हणजे तुषारयंत्रणा, बसविलीच पाहिजे काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु तो नकार कशामुळे उद्भवतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा संपूर्ण राज्यास लागू आहे. त्यान्वये इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांच्यावर असून, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. मात्र कोणत्या इमारतीस कोणती साधने हवीत, हे राष्ट्रीय इमारत संहितेच्या आधारे ठरते. ही संहिता १५ मीटर व त्याहून अधिक उंचीच्या इमारतींना उंच इमारती मानते आणि तिच्या कडक अटींचा रोख मुख्यतः त्यांच्याकडे आहे. एका कुटुंबाच्या बैठ्या घरास तुषारयंत्रणेची सक्ती नाही. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ पाहिला, तर त्यातील ग्रामसूचीत आग विझविण्यास साहाय्य करणे हे पंचायतीचे काम म्हणून सांगितलेले आढळते. म्हणजे तेथे भर आग लागल्यानंतरच्या कर्तव्यावर आहे.

येथे एक विसंगती दृष्टीस पडते. शहरात अग्निशामक दल जवळ असते आणि यंत्रणेची सक्तीही तेथेच अधिक असते. खेड्यात बंब दुरून यावयाचा, घरालगत कडबा रचलेला, आणि पहिल्या काही मिनिटांत आग आवरणारे साधन मात्र नाही.

हे साधन तत्त्वतः साधे आहे. तोटीच्या मुखाशी द्रवाने भरलेली काचेची कुपी असते. सर्वसाधारण प्रकारात ती सुमारे ६८ अंश सेल्सिअसला फुटते व पाणी सुटते. आगीजवळची तोटीच तेवढी उघडते. सर्व तोट्या एकदम वाहू लागतात, हा समज चुकीचा आहे. लहान घरांसाठीच्या अमेरिकन मानकात दोन तोट्या दहा मिनिटे चालतील इतके पाणी गृहीत धरलेले आहे. प्रत्येक तोटीस मिनिटाला सुमारे ५० लिटर धरल्यास ही गरज १,००० लिटरची होते; म्हणजे गच्चीवरील नेहमीच्या टाकीएवढीच. खरी अडचण दाबाची आहे. तोटीपाशी किमान पाच मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका दाब हवा. गच्चीवरची टाकी छतापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच असते. त्यामुळे पंप आणि वीज गेली असता तो चालविण्याची सोय, ही दोन्ही अपरिहार्य ठरतात.

स्थानिक संस्थेने अशी सक्ती केल्याची उदाहरणे अन्यत्र आहेत. अमेरिकेतील स्कॉट्सडेल नगराने १९८५ मध्ये नव्या घरांसाठी तसा नियम केला, तर वेल्समध्ये जानेवारी २०१६ पासून सर्व नव्या घरांना तो लागू झाला. उलट अमेरिकेच्या २००९ च्या आदर्श निवासी संहितेतील हीच तरतूद बहुतेक राज्यांनी खर्चाच्या वादात वगळली.

तात्पर्य, केवळ सक्तीने हा प्रश्न सुटणार नाही. पाणी, दाब व वीज यांची हमी नसेल, तर नियम कागदावरच राहील. तोवर बांधकामाची परवानगी देतानाच टाकीतील राखीव साठा, धूरसूचक यंत्र आणि घर व कडब्याची गंज यांतील अंतर यांविषयी मार्गदर्शन करणे, हा अल्प खर्चाचा व शक्य कोटीतील मार्ग होय.