प्रौढवयातील दंतसरळीकरण

प्रौढवयातील दंतसरळीकरण म्हणजे जबड्याची वाढ पूर्ण झाल्यानंतर, साधारणतः वयाच्या अठराव्या वर्षानंतर, वेडेवाकडे, दाटीने आलेले, विरळ किंवा पुढे आलेले दात योग्य स्थानी आणण्यासाठी केला जाणारा उपचार होय. बोलीभाषेत त्यास 'दातांना तारा लावणे' किंवा 'क्लिप लावणे' असे म्हणतात. 'ब्रेसेस' हा शब्दही आता मराठीत रूढ झाला आहे. दंतवैद्यकाच्या ज्या शाखेत हा विषय मोडतो, तिला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'ओडौस' म्हणजे दात, या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे.

हा उपचार केवळ शाळकरी मुलांसाठी असतो, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. वस्तुतः दात हलवण्यास वयाची निश्चित अशी वरची मर्यादा नाही. हिरड्या आणि दातांभोवतीचे हाड निरोगी असणे अधिक महत्त्वाचे असते. मात्र मुलांच्या बाबतीत पालक निर्णय घेतात, तर प्रौढ व्यक्तीला तो स्वतः घ्यावा लागतो. हा उपचार बहुधा ऐच्छिक असल्यामुळे त्याचे लाभ, मर्यादा, जोखीम, कालावधी आणि खर्च यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

दात हलण्याची प्रक्रिया

दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. दातावर सौम्य पण सातत्याने दाब दिला, की ज्या बाजूला हा थर दाबला जातो, तेथील हाड विशिष्ट पेशींकडून विरघळवले जाते. ज्या बाजूला तो ताणला जातो, तेथे नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात हाडातून हळूहळू सरकतो. हा वेग सर्वसाधारणपणे महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास असतो. दाब वाढवल्याने वेग वाढत नाही. उलट तंतूंचा रक्तपुरवठा खुंटून हालचाल मंदावते आणि मुळास इजा होण्याचा संभव वाढतो.

ही प्रक्रिया आयुष्यभर चालू शकते. प्रौढांमध्ये तिला सुरुवात होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढाच फरक असतो.

इतिहास

फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दात ओळीत आणण्यासाठी धातूच्या पट्टीचा वापर वर्णिला आहे. आधुनिक शाखेचा पाया अमेरिकेतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांनी घातला. वरचे व खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, यावर आधारित त्यांचे १८९९ मधील वर्गीकरण आजही वापरले जाते.

आरंभी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागत असे. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या कवचावर आम्लाचा सौम्य प्रयोग करून त्यावर राळेसारखा पदार्थ चिकटवण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे पुढे लहानशी चौकट, म्हणजे ब्रॅकेट, थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. १९७० च्या दशकात निकेल व टायटेनियम यांच्या मिश्रधातूची लवचिक तार वापरात आली. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने संगणकाच्या साहाय्याने बनवलेले पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, बाजारात आणले. तारा दिसू नयेत अशी इच्छा असणाऱ्या प्रौढांचा ओढा या उपचाराकडे वाढण्यास हे मोठे कारण ठरले.

बालवय आणि प्रौढवय यांतील फरक

मुलांच्या जबड्याची वाढ चालू असल्याने त्या वाढीला वळण देता येते. प्रौढांमध्ये ही संधी उरलेली नसते. टाळूच्या मध्यभागी असलेला हाडांचा सांधा वयाबरोबर घट्ट होत जातो. त्यामुळे अरुंद टाळू रुंद करण्यासाठी प्रौढांमध्ये हाडात बसवलेल्या छोट्या स्क्रूंचा आधार किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. दोष दातांचा नसून जबड्यांच्या आकाराचा असेल, उदाहरणार्थ खालचा जबडा फार पुढे किंवा फार मागे असेल, तर केवळ तारांनी तो दूर होत नाही. अशा वेळी तारा व जबड्याची शस्त्रक्रिया यांचा संयुक्त उपचार केला जातो, अथवा काही मर्यादा स्वीकारून दातांपुरती सुधारणा केली जाते.

प्रौढांच्या तोंडात आधीच्या उपचारांच्या खुणाही असतात. पडलेले दात, जुनी भरणे, रूट कॅनल केलेल्या दाढा, कॅप, ब्रिज यांचा विचार करून योजना आखावी लागते. इम्प्लांट हाडाशी एकजीव झालेले असल्याने ते मुळीच हलत नाही. म्हणून इम्प्लांट बसवायचे असल्यास दात आधी सरळ करायचे की नंतर, हे पूर्वीच ठरवणे अगत्याचे असते.

उपचाराची कारणे

पुढील परिस्थितींत उपचाराचा आरोग्यदृष्ट्या लाभ स्पष्ट असतो :

- वरचे पुढचे दात फार पुढे आलेले असणे. अशा दातांना पडण्यामुळे किंवा मार लागल्यामुळे इजा होण्याचा धोका अधिक असतो.
- खालचे दात टाळूला किंवा वरचे दात खालच्या हिरडीला टोचून जखम होणे.
- वरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकून दोन्ही झिजणे.
- पुढचे दात एकमेकांना न टेकल्यामुळे घास तोडता न येणे.
- पडलेल्या दाताच्या जागेत शेजारची दाढ कलणे व त्यामुळे ब्रिज किंवा इम्प्लांटला जागा न उरणे.
- हिरड्यांच्या विकारामुळे पुढचे दात पसरून त्यांत फटी पडणे. येथे विकार आटोक्यात आणल्याखेरीज तारा लावता येत नाहीत.

याखेरीज बहुसंख्य प्रौढ दिसण्यासाठी उपचार घेतात. हसताना तोंडावर हात धरणे, छायाचित्र काढताना ओठ मिटून घेणे अशा सवयी अनेकांना वर्षानुवर्षे जडलेल्या असतात. या कारणास गौण मानण्याचे प्रयोजन नाही. मात्र ते कारण स्वतःचे असावे, इतरांच्या शेऱ्यांमुळे लादलेले नसावे.

लाभांविषयीचे गैरसमज

दात वाकडे असले की ते किडतातच, असे सिद्ध झालेले नाही. दाटीच्या दातांची स्वच्छता करणे कठीण जाते हे खरे. परंतु काळजीपूर्वक घासणाऱ्या व्यक्तीचे वाकडे दातही आयुष्यभर निरोगी राहू शकतात. त्याचप्रमाणे, जबड्याच्या सांध्याचे दुखणे तारा लावल्याने बरे होते या दाव्यास पुरेसा आधार नाही. अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलून दाटी करते, हा समजही संशोधनातून पुष्ट झालेला नाही. म्हणूनच सौम्य दोष असलेल्या व त्याची खंत न वाटणाऱ्या प्रौढाने उपचार न घेणे, हाही पूर्णतः योग्य निर्णय ठरतो.

पूर्वतपासणी

उपचारापूर्वी दातांचे ठसे किंवा संगणकीय प्रतिमा, छायाचित्रे आणि क्ष-किरण चित्रे घेतली जातात. प्रौढांमध्ये हिरडी व दात यांच्यामधील खोली मोजणे विशेष महत्त्वाचे असते. सक्रिय हिरडीविकार असताना दात हलवल्यास आधारभूत हाड झपाट्याने नष्ट होऊन दात गमावण्याची वेळ येऊ शकते. कीटण काढणे, कीड भरणे व हिरड्यांचा उपचार हे आधी पूर्ण केले जातात.

रुग्णाने पुढील बाबी स्वतःहून सांगणे आवश्यक आहे : मधुमेह व तो कितपत आटोक्यात आहे, गर्भावस्था, निकेलची ॲलर्जी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी चालू असलेली औषधे. यांपैकी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांमुळे दातांची हालचाल मंदावते आणि दात काढल्यानंतर जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका संभवतो.

महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा व मशेरी यांच्या सवयीची चौकशी टाळता येत नाही. तंबाखूमुळे हिरड्यांचे आरोग्य ढासळते. सुपारी व गुटख्यामुळे तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. अशा स्थितीत तारा बसवणेही दुष्कर होते. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडलेले असल्यास ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत आणि चिकटवण्याची वेगळी पद्धत योजावी लागते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही भागांत ही समस्या आढळते.

साधनांचे प्रकार

धातूच्या तारा : सर्वांत जुना, मजबूत व तुलनेने स्वल्पखर्चाचा प्रकार. गुंतागुंतीच्या दोषांत विश्वासार्ह.

सिरॅमिक ब्रॅकेट : दाताच्या रंगाचे असल्याने कमी दिसतात, परंतु ठिसूळ व अधिक महाग असतात.

दातांच्या आतील बाजूस बसवलेल्या तारा : बाहेरून दिसत नाहीत. जिभेला टोचणे व उच्चारात अडथळा हे आरंभीचे त्रास असतात. खर्च बराच अधिक असतो.

अलाइनर : काढता-घालता येणारे पारदर्शक साचे. दिवसातून वीस ते बावीस तास घालावे लागतात आणि साधारणतः दर एक ते दोन आठवड्यांनी बदलले जातात. जेवताना काढता येत असल्याने स्वच्छता सोपी जाते. मात्र शिस्त न पाळल्यास उपचार फसतो. फार वळलेले दात किंवा मोठ्या फटी यांसाठी तारा अधिक परिणामकारक ठरू शकतात.

दंतवैद्याने प्रत्यक्ष न तपासता घरी साचे पाठवणाऱ्या सेवांबाबत सावधगिरी इष्ट आहे. अशी सेवा देणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अनेकांचे उपचार अर्धवट राहिले.

उपचारकाळातील दिनचर्या

उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. किरकोळ दोष काही महिन्यांत सुधारतात, तर शस्त्रक्रियेसहचा उपचार अधिक काळ चालतो. तारा घट्ट केल्यानंतर दोन-चार दिवस दात ठणकतात. गालास घासणाऱ्या भागावर लावण्यासाठी मेण दिले जाते.

तारा असताना चिक्की, ऊस, मक्याचे कणीस, कडक चकली, अख्खा पेरू असे पदार्थ वर्ज्य करावे लागतात किंवा बारीक तुकडे करून खावे लागतात. हळदीमुळे पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात. प्रत्येक जेवणानंतर दात घासणे अनिवार्य असते. अलाइनर किंवा आतील तारांमुळे सुरुवातीस 'स' किंवा 'चमचा' या शब्दातील 'च' यांसारखे वर्ण अस्पष्ट उमटू शकतात. शिक्षक, वकील, गायक, निवेदक तसेच बासरी-सनई वाजवणारे कलावंत यांनी ही सवय होण्याचा काळ लक्षात घेऊन उपचाराची वेळ निवडावी.

जोखीम

दातांची मुळे टोकाशी किंचित आखूड होणे हे सामान्यतः आढळते. थोड्या रुग्णांत ते गंभीर प्रमाणात होते. स्वच्छतेकडे दुर्लक्ष झाल्यास ब्रॅकेटभोवती पांढरे डाग व कीड उद्भवते. प्रौढांमध्ये दाटीचे दात सरळ झाल्यावर त्यांच्यामध्ये हिरडीलगत त्रिकोणी काळी फट दिसू शकते. पूर्वी झिजलेले हाड व हिरडी परत येत नाही, हे तिचे कारण होय. जागा करण्यासाठी काही वेळा उपदाढा काढाव्या लागतात किंवा दातांच्या कडा अत्यल्प घासाव्या लागतात. यांपैकी काय करणार व का, हे आधी विचारून घ्यावे.

स्थैर्य आणि रिटेनर

तारा काढल्या म्हणजे उपचार संपला, असे नाही. दात मूळ जागेकडे परतू पाहतात. शिवाय उपचार घेतला नसला तरी वयाबरोबर खालचे पुढचे दात दाटत जातात. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल व सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रचना रिटेनर थांबवल्यानंतर दहा वर्षांनी असमाधानकारक आढळली.

यामुळे रिटेनर दीर्घकाळ, शक्यतो कायम, वापरण्याचा सल्ला दिला जातो. तो दातांमागे चिकटवलेल्या बारीक तारेचा किंवा रात्री घालावयाच्या साच्याचा असतो. जी व्यक्ती हा नेम पाळण्यास तयार नाही, तिने उपचार सुरू करण्यापूर्वीच पुनर्विचार करावा.

पर्याय

विवाह किंवा नोकरीच्या मुलाखतीपूर्वी 'झटपट' उपाय म्हणून दात घासून त्यांवर कॅप किंवा व्हिनिअर बसवले जातात. दाताचे घासलेले कवच पुन्हा येत नाही आणि ही आवरणे काही वर्षांनी बदलावी लागतात. निरोगी दातांच्या बाबतीत, वेळ अधिक लागला तरी, ते सरळ करणे सामान्यतः अधिक संरक्षक मानले जाते. दोष फक्त दाताच्या आकाराचा किंवा छोट्या फटीचा असल्यास दाताच्या रंगाचे भरण पुरेसे ठरू शकते.

भारतातील स्थिती

भारतात बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची मूलभूत पदवी असून त्यानंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम पूर्ण करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून ओळखले जातात. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ साली झाली. मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच गोव्यातील बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय या ठिकाणी या शाखेचे विभाग आहेत. अशा संस्थांत खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो. मात्र प्रतीक्षा व अधिक फेऱ्या यांची तयारी ठेवावी लागते. आरोग्य विम्यात हा उपचार बहुधा समाविष्ट नसतो.

निर्णय घेताना विचारावयाचे प्रश्न

उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी दंतवैद्यास पुढील प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : उपचार न घेतल्यास काय होईल? माझ्या हिरड्या व हाड यासाठी सक्षम आहेत काय? दात काढावे लागतील काय? एकूण खर्चात रिटेनर व तुटलेल्या ब्रॅकेटची दुरुस्ती धरलेली आहे काय? मध्येच गाव बदलावे लागले तर उपचार पुढे कसा चालेल? यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. 'विशेष काही होणार नाही' असे उत्तर मिळाल्यास निर्णय केवळ इच्छेवर सोपवता येतो आणि त्यास घाई नसते. 'दात झिजतील' किंवा 'हिरडीला जखम होत राहील' असे उत्तर मिळाल्यास वयाच्या कारणावरून उपचार टाळणे हिताचे नसते.