रेकॉर्डर की लॅपटॉप? घरचं गाणं मुद्रित करताना

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी विचारलं, ‘डिंभ्यात कुठं आलाय स्टुडिओ?’ स्टुडिओ नाही, म्हणूनच हा विषय इथं घेतला. या पट्ट्यात गावागणिक भजनी मंडळ आहे, काकडा आहे, सप्ताह आहे. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर लग्नातली, देवाची, पेरणीची गाणी आहेत. सत्तरीपुढच्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात. जुनं आंबेगाव तर इथल्याच पाण्याखाली आहे. ज्या घरांत या ओव्या शिकल्या गेल्या त्यांतली कितीतरी घरं आता नाहीत, पण गाणारी आजी अजून आहे. तिचं गाणं घरातल्या घरात, आपल्याच हातानं नीट कसं मुद्रित करायचं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

साधनं दोन प्रकारची. एक, स्वतंत्र रेकॉर्डर. त्यात माईक लावायची सोय, आवाज कमीजास्त करायची बटणं आणि साठवण, सगळं एकाच डब्यात असतं. पूर्वी आत हार्डडिस्क असायची, आता मेमरी कार्ड असतं. दुसरं, कॉम्प्युटर. त्याला एक ऑडिओ इंटरफेस जोडायचा, म्हणजे माईकचा आवाज आकड्यांत बदलून आत पाठवणारी छोटी डबी, आणि वर एखादं सॉफ्टवेअर चालवायचं. (डब्याला ‘पेटी’ म्हणायचा मोह होतो, पण भजनी मंडळापुढं पेटी म्हटलं की सगळे बाजाकडं बघतात. म्हणून आपण रेकॉर्डरच म्हणू.)

हा वाद कुठून आला ते थोडक्यात बघू. १९७९ साली टास्कॅमनं पोर्टास्टुडिओ आणला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरता येऊ लागले, आणि घरच्या मुद्रणाची सुरुवात तिथून धरली तरी चालेल. मग अलेसिसच्या एडॅटनं व्हीएचएस जातीच्या टेपवर आठ डिजिटल ट्रॅक बसवले. पुढं १९९६ साली दोन गोष्टी एकाच वर्षात आल्या. रोलँडचा व्हीएस-८८० हा आठ ट्रॅकचा हार्डडिस्क रेकॉर्डर आला आणि स्टाइनबर्गचं क्यूबेस व्हीएसटी आलं. मिक्सर, इको, रिव्हर्ब हे सगळं कॉम्प्युटरच्या आतच होऊ शकतं, हे त्या सॉफ्टवेअरनं घरच्या माणसाला दाखवलं. तेव्हा बहुतेकांचा कल रेकॉर्डरकडं होता आणि ते बरोबरही होतं. त्या काळचे घरगुती कॉम्प्युटर आठ ट्रॅक एका वेळी लिहिताना धापा टाकायचे.

आज तसं नाही. साधा लॅपटॉप आठ काय, चोवीस ट्रॅक सहज लिहितो. मग प्रश्न संपला का? बरेच जण म्हणतात संपला, लॅपटॉप जिंकला. आम्हाला ते पटत नाही, आणि त्याचं कारण आवाजाच्या दर्जात नाही. त्याच किमतीच्या रेकॉर्डरच्या आणि इंटरफेसच्या आवाजात कानाला फारसा फरक कळत नाही. फरक आहे तो गाणाऱ्या माणसापुढं काय घडतं त्यात.

आजीला ओवी म्हणायला बसवलं आणि समोर लॅपटॉप उघडला, तर घरातली झाडून सगळी माणसं पडद्याकडं बघतात. हिरवी रेघ वरखाली होतेय, ती बघायची. आजीही बघते. ओवी ही कामाच्या नादात येते. हात जात्याच्या खुंट्यावर, नजर पिठावर आणि समोर दुसरी बाई साथीला. पडद्याकडं बघत कुणी ओवी म्हणत नाही. रेकॉर्डर मात्र कोपऱ्यात, घोंगडीवर ठेवला की पाच मिनिटांत विसरला जातो. लाल दिवा लागलेला असतो, बास.

दुसरी गोष्ट लाईटची. ती इथं कधी जाते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. लॅपटॉपला बॅटरी असते हे खरं, पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकेल हे त्या लॅपटॉपलाही माहीत नसतं. शिवाय चार्जर लावून मुद्रण केलं आणि घराचं अर्थिंग नीट नसलं, की माईकमध्ये बारीक ‘हूं’ असा आवाज शिरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो खर्जात ऐकू येतो. तेव्हा लॅपटॉप वापरायचाच असेल तर मुद्रणाच्या वेळी चार्जर काढा. छोटे रेकॉर्डर साध्या पेन्सिल सेलवर चालतात. दोन संच जास्तीचे जवळ ठेवायचे. मात्र कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू केली की सेल भराभर उतरतात, हे ध्यानात असू द्या.

लाईट मधेच गेली तर? इथं एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला एक छोटी नोंद असते, पुढं किती लांबीचा आवाज आहे ते सांगणारी. बरीचशी यंत्रं ती नोंद मुद्रण थांबवल्यावर पूर्ण करतात. मधेच वीज तुटली की फाइल रिकामी दिसते आणि माणूस कपाळाला हात लावतो. पण आवाज बहुतेक वेळा आत असतो. अशी फाइल पुसू नका आणि त्या कार्डावर पुढचं काही भरू नका. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात अशी फाइल ‘रॉ’ म्हणून उघडता येते आणि बऱ्याचदा गाणं हाती लागतं.

आता कॉम्प्युटरची बाजू, कारण ती खरोखर मोठी आहे. समजा एकच माणूस आहे. आधी पेटी वाजवणार, मग तिच्यावर गाणार, मग स्वतःच कोरस भरणार. या कामाला कॉम्प्युटरसारखं साधन नाही. अडचण एकच येते, तिला लेटन्सी म्हणतात. म्हणजे आपण गायलेलं आपल्याच हेडफोनमध्ये जरा उशिरानं येणं. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, घागर भरली की ओततो. घागर १०२४ नमुन्यांची असेल आणि सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील, तर एक घागर भरायला साधारण २१ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर सात मीटर लांब बसलेल्या टाळकऱ्याइतका झाला, आणि आत-बाहेर मिळून प्रत्यक्षात त्याहून जास्त होतो. सप्ताहात मंडपाच्या टोकाला बसलेला टाळकरी मागं पडतो ना, तसंच. उपाय दोन आहेत. घागर लहान करायची, १२८ किंवा २५६ नमुन्यांची. नाहीतर इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय असते ती वापरायची, म्हणजे आपला आवाज कॉम्प्युटरची वारी न करता सरळ कानात येतो.

नंतरच्या कामात तर कॉम्प्युटरला तोडच नाही. खोकला काढणं, दोन अभंगांमधली बोलणी कापणी करून वेगळी करणं, पखवाज जरा मागं नेणं. रेकॉर्डरच्या बोटभर पडद्यावर हे काम करणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणं. सॉफ्टवेअर महागच असतं असंही नाही. ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरला आहे. सुरुवातीला यापेक्षा जास्त काही घेऊ नका.

मग आमचं मत काय? मुद्रण रेकॉर्डरवर करा आणि मशागत कॉम्प्युटरवर. एकट्यानं थर चढवत गाणारे सोडले, तर बाकी सगळ्यांना आम्ही हेच सांगू. झूमच्या आर-१६ सारख्या यंत्रांनी तर हा वाद केव्हाच मोडीत काढला आहे. तो एका वेळी आठ ट्रॅक कार्डावर भरतो, सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि तारेनं लॅपटॉपला जोडला की इंटरफेस होतो. तेच यंत्र घ्या असं आम्ही म्हणत नाही, त्या जातीचं घ्या. ओव्या आणि घरगुती भजन यांना तर दोन माईकचा छोटा स्टिरिओ रेकॉर्डर पुरतो.

मोबाईल चालेल का, हा प्रश्न येणारच. काहीच नसण्यापेक्षा चालेल. पण मोबाईल आवाज स्वतःच वरखाली करत राहतो. टाळ वाजला की तो सगळंच दाबतो, आणि मग गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. रेकॉर्डरवरही ‘ऑटो लेव्हल’ नावाची हीच खोड असते, ती बंद करा. टाळांचा कल्लोळ जिथं सगळ्यात मोठा होतो तिथं मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बटण ठेवा. २४ बिटवर मुद्रण करत असाल तर आवाज कमी भरला म्हणून फारसं बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. तुटलेला टाळ मात्र परत जुळत नाही. आणि एक बटण ‘लो कट’ नावाचं असतं. ते वाऱ्याचा आवाज कापतं म्हणून लोक कायम चालू ठेवतात. पण त्यानं जात्याची घरघर जाते आणि पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या पुडीचा घुमाराही जातो. जात्याची घरघर हीच ओवीची लय आहे. ती कापून उरलेली ओवी ऐकली की बाई हवेत बसून गातेय असं वाटतं.

जागेचा हिशोब करून ठेवू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक ट्रॅक, म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. आठ ट्रॅकचा सहा तासांचा जागर २५ जीबीच्या आत बसतो, ३२ जीबीचं कार्ड पुरतं. व्हीएस-८८० च्या काळात एक जीबीच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचे आठ ट्रॅक जेमतेम चोवीस मिनिटं मावले असते. म्हणून रोलँडनं आवाज स्वतःच्या खास पद्धतीनं दाबून भरला.

आणि रेकॉर्डरवाल्यांनी सगळ्यात जास्त घाबरावं ते इथं. ती पद्धत कंपनीची, डिस्कची मांडणीही कंपनीची. अलेसिसचा एचडी-२४ हा चोवीस ट्रॅकचा दणकट रेकॉर्डर होता, पण त्याची हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर कॉम्प्युटरला ती वाचता यायची नाही. खास जोडणी आणि खास सॉफ्टवेअर लागायचं. आज अशी डिस्क कपाटात असेल तर आवाज शाबूत असूनही तो मुका आहे.

हेमा राईरकर आणि गी पोएटव्हिन यांनी पुण्याच्या सहकारी संशोधन केंद्रातर्फे मुळशी, मावळापासून महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं गाणं मुद्रित झालं. त्या काळात क्षेत्रावर काम करणारे लोक डॅट नावाची डिजिटल टेप वापरत. सोनीनं २००५ साली डॅट रेकॉर्डर बनवणं थांबवलं. ओव्यांचं मुद्रण मात्र आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावा-गावासकट कुणालाही ऐकता येतं, कारण ते वेळेत साध्या फायलींमध्ये आणलं गेलं.

तेव्हा रेकॉर्डर घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, ‘कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर सरळ डब्ल्यूएव्ही दिसते का?’ दिसत नसेल तर पुढं बोलू नका. सॉफ्टवेअरवाल्यांनाही हेच लागू आहे. प्रोजेक्टची फाइल म्हणजे गाणं नव्हे, ती फक्त कुठला तुकडा कुठं ठेवला याची यादी. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी डब्ल्यूएव्ही म्हणून काढून ठेवा. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर आणि दोन वेगळ्या घरांत. कार्ड पुसायचं ते त्यानंतर.

आणि लाल दिवा लागला की गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी मोठ्यानं बोला. तारीख, गाव, गाणारीचं नाव, माहेर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली. आजीलाच विचारा, ती सांगेल. फाइलचं नाव बदलतं, कागद हरवतो, पण गाण्याच्या आधी तिच्याच आवाजात आलेली ही ओळख त्या फाइलपासून कुणाला वेगळी करता येत नाही. आता प्रश्न विचारा. मागच्या बाजूला माईक द्या जरा.