मंद शटरवेग आणि गतीचे छायाचित्रण : 'हललेल्या' चित्राचा विचार

प्रस्तावना

छायाचित्र अस्पष्ट आले की 'फोटो हलला' असे म्हणून तो बाजूला टाकला जातो. या शब्दप्रयोगात एक गंमत आहे. फोटो स्वतः हलत नाही. हलतो तो कॅमेरा किंवा समोरचा विषय. नेमके कोण हलले आणि कशाच्या तुलनेत हलले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मंद शटरवेगाने केलेल्या सर्जनशील छायाचित्रणाचा सारा व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो. प्रस्तुत लेखात या तंत्रामागील तत्त्व आणि काही छायाचित्रकारांनी त्याचा केलेला उपयोग यांचा विचार केला आहे.

तत्त्व

काटेकोरपणे पाहता कोणतेही छायाचित्र क्षणाचे नसते. १/१००० सेकंद हाही एक कालखंडच होय. शटर उघडे असेपर्यंत भिंगातून येणारा प्रकाश फिल्मच्या किंवा संवेदकाच्या पृष्ठभागावर साठत राहतो आणि त्या अवधीत विषयाची प्रतिमा पृष्ठभागावर जितकी सरकते तितकी धूसरता निर्माण होते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणारा घोडा सेकंदाला १० मीटर अंतर कापतो. १/५०० सेकंदात तो २ सेंटिमीटर सरकेल, १/३० सेकंदात सुमारे ३३ सेंटिमीटर. तोच घोडा दूरवरून टिपला तर प्रतिमा लहान असल्याने सरकणेही कमी दिसेल. तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर त्याहून कमी. म्हणून अमुक विषयासाठी अमुक शटरवेग अशी जी कोष्टके सांगितली जातात, ती केवळ सुरुवातीपुरती उपयोगाची आहेत.

अवधी आणखी वाढविला की धूसरतेच्या पुढची अवस्था येते : विषय नाहीसाच होतो. समजा, ३० सेकंद शटर उघडे आहे आणि समोरून एक पादचारी सेकंदाला १.४ मीटर या सामान्य गतीने चालत गेला. त्याच्या देहाची रुंदी अर्धा मीटर धरली तर वाटेतील कोणताही एक बिंदू तो जेमतेम एक तृतीयांश सेकंद झाकतो. उरलेला सर्व वेळ त्या बिंदूवर मागील भिंतीचाच प्रकाश नोंदला जातो. एकूण प्रकाशात पादचाऱ्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे चित्रात तो नाही. काळोखातून जाणाऱ्या वाहनाचे दिवे मात्र आपली रेघ ठेवून जातात, कारण पार्श्वभूमीपाशी त्यांच्याशी स्पर्धा करील इतका प्रकाशच नसतो. गडद पार्श्वभूमीवरील पांढरा पोशाख अधिक खूण सोडतो आणि उजळ भिंतीपुढील काळा पोशाख लवकर विरतो, याचेही कारण हेच.

दागेरचा रस्ता

१८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसमधील बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे उंच खिडकीतून चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता. चित्रात तो ओस दिसतो. उद्भासनाचा अवधी काही मिनिटांचा असल्याने चालणारी माणसे आणि धावणाऱ्या घोडागाड्या नोंदल्याच गेल्या नाहीत. कोपऱ्यात मात्र एक माणूस पाय उचलून उभा आहे. तो बुटांना पॉलिश करून घेत असावा. तो आणि त्याच्या पायाशी असलेली पॉलिशवाल्याची अंधूक आकृती, एवढीच माणसे उरली. छायाचित्रात आलेली ही पहिली माणसे, असे सामान्यतः मानले जाते.

येथे निवड दागेरने केलेली नव्हती, ती अवधीने केली. तथापि जो थांबला तो राहिला, हा नियम याच चित्रातून उघड झाला. पुढील सर्व प्रयोग म्हणजे या नियमाचा हेतुपुरस्सर केलेला वापर होय.

पुढील काळाची धडपड उलट दिशेने होती. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये धावत्या घोड्याच्या हालचालीची एकेक अवस्था वेगळी टिपली. एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ पासून एकाच काचेवर अशा अवस्था ओळीने मांडल्या. विज्ञानाला हे हवेच होते. इटलीतील अंतोन जूलिओ ब्रागालिया याने मात्र १९११ च्या सुमारास असा आक्षेप घेतला की तुकडे केल्याने गतीचा प्रवाहच हरवतो. त्याने हाताच्या, मानेच्या हालचाली सलग उद्भासनाने टिपल्या आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. भविष्यवादी चित्रकारांनी त्याच वर्षी त्याच्या प्रयोगांशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले, हा त्या काळच्या कलाविश्वातील मानपानाचा नमुना म्हणावा लागेल.

मर्यादेतून शैली

व्हिएन्नात जन्मलेल्या अर्न्स्ट हास याचे उदाहरण विशेष बोधक आहे. १९५० च्या दशकातील कोडाक्रोम या रंगीत फिल्मची संवेदनशीलता अवघी १० होती. मंद प्रकाशात, हलत्या विषयासाठी ही फिल्म अडचणीचीच. हास याने अडचणीलाच साधन केले. स्पेनमधील बैलझुंजींची त्याची चित्रे 'लाइफ' साप्ताहिकात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत लाल-पिवळे वस्त्र, बैलाचा काळा देह आणि वाळू हे सर्व एकमेकांत वाहत जाताना दिसतात. परंतु लक्षपूर्वक पाहिल्यास यशस्वी चित्रात नजरेला टेकण्यापुरता कोठेतरी एखादा आकार शाबूत असतो. असा आधार नसेल तर उरतो तो केवळ रंगांचा चिखल, आणि प्रदर्शनांतून 'अमूर्त' या नावाखाली तोही बराच दाखविला जातो.

अलेक्सेय तितारेन्को याच्या चित्रांत हा आधार वेगळ्याच अर्थाने येतो. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला. त्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत सेंट पीटर्सबर्गमधील भुयारी रेल्वेस्थानकाच्या पायऱ्यांवरील गर्दी त्याने दीर्घ उद्भासनाने टिपली. माणसांचा धुरासारखा लोट झाला आहे. कठड्याला धरलेले हात तेवढे ओळखू येतात, कारण हात क्षणभर टेकले होते. तीच गर्दी १/२५० सेकंदात टिपली असती तर चेहरे मिळाले असते, पण एका समाजाचे विरघळणे मिळाले नसते.

तंत्रासंबंधी काही गोष्टी

मुख्य अडचण अतिरिक्त प्रकाशाची असते. आयएसओ १०० आणि छिद्र एफ/१६ असता लख्ख उन्हात सुमारे १/१२५ सेकंद पुरतो. छिद्र एफ/२२ केले तरी १/६० पर्यंतच जाता येते, शिवाय इतक्या लहान छिद्रात प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्राचा रेखीवपणा कमी होतो. प्रकाश १/६४ पट करणारा करडा एनडी फिल्टर लावल्यास मात्र त्याच उन्हात एक सेकंद मिळतो. सह्याद्रीतील धबधबे पावसाळ्यात ढगांच्या छायेत असतात. तेथे तिवई आणि लहान छिद्र एवढ्यावर बरेचदा भागते. पाण्यासाठी फार मोठा अवधी घेण्याचा मोह टाळलेला बरा. अर्ध्या सेकंदापर्यंत धारांचा पोत टिकतो, नंतर सर्व धबधबे सारखेच दुधाळ दिसू लागतात.

तिवई वापरली की भूमी स्थिर आणि विषय हलता. पॅनिंगमध्ये हे नाते उलटते. कॅमेरा विषयाबरोबर फिरविल्याने विषय फिल्मच्या दृष्टीने स्थिर होतो व पार्श्वभूमीच्या आडव्या रेघा होतात. पालखी सोहळ्यातील गोल रिंगण याचे उत्तम उदाहरण आहे. रिंगणाबाहेर उभ्या छायाचित्रकारापासून अश्वाचे अंतर सतत बदलते आणि कॅमेरा कधी सावकाश, कधी झपाट्याने फिरवावा लागतो. आत, मध्याच्या जितके जवळ जावे तितका फिरविण्याचा वेग एकसारखा राहतो; १/३० सेकंदातही अश्वाचे मस्तक रेखीव येण्याची शक्यता वाढते. पाय तरीही धूसरच येतील, कारण ते देहाच्या तुलनेत पुढेमागे हलतात.

आजच्या मोबाइल फोनमधील आज्ञाप्रणाली अनेक अल्पावधी चित्रे एकत्र करून दीर्घ उद्भासनाचा परिणाम साधते. परिणाम पुष्कळदा सारखा दिसतो. परंतु मधली चित्रे गाळता येतात, निवडता येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीत काजव्यांची जी झगमगती चित्रे घेतली जातात, त्यांतील अनेक अशा शेकडो चित्रांची बेरीज असतात. झाडावर एका वेळी तितके काजवे चमकले होते असा पाहणाऱ्याचा समज होतो आणि तो चुकीचा असतो. चित्राखाली एकूण अवधी आणि चित्रांची संख्या लिहिण्याची पद्धत म्हणूनच आवश्यक आहे, विशेषतः असे चित्र जीवशास्त्राच्या वर्गात दाखविले जाणार असेल तेव्हा.

महाविद्यालयीन छायाचित्रण वर्गासाठी या तत्त्वाचा सर्वांत स्वस्त प्रयोग व्हरांड्यातच करता येतो. तास संपल्याची घंटा होताच तिवईवरील कॅमेऱ्याने एकाच जागेवरून १/६०, १/८, २ आणि ३० सेकंदांची चित्रे घ्यावीत. शेवटच्या दोहोंसाठी फिल्टर लावावा. पहिल्या चित्रात विद्यार्थी मोजता येतील, दुसऱ्यात त्यांची चाल दिसेल, तिसऱ्यात छटा उरतील. चौथ्यात व्हरांडा रिकामा असेल आणि कार्यालयाच्या दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई तेवढा दिसेल.