काळाचा अतियोग आणि सौम्य देशातील उष्माघात

काळाचे अतियोग, हीनयोग व मिथ्यायोग रोगास कारण होतात, हे आपण सर्वजण जाणतो. अतियोगाचे ठळक उदाहरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात घडले. त्याची किनारपट्टी सौम्य हवामानासाठी प्रसिद्ध आहे. परंतु जून २०२१ मध्ये उच्च दाबाखाली उष्ण हवा कोंडली गेली व २९ जून रोजी लिटन गावी तापमान ४९.६ अंश सेल्सिअसवर पोहोचले. प्रांतात ६१९ व्यक्ती उष्णतेने दगावल्या. बहुतेकांचा मृत्यू उन्हात नव्हे, तर घरात झाला. त्यांत वृद्ध व एकटे राहणारे अधिक होते.

येथे देशसात्म्याचा विचार महत्त्वाचा ठरतो. शरीर उष्णतेस सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात; तो अवधी तेथे मिळाला नाही. घरेही उष्णतेसाठी बांधलेली नव्हती, त्यामुळे रात्रीही शरीर निवत नव्हते.

आपल्या कोकणातही दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पारा चाळिशीखाली असतानाही धोका संभवतो. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी खुल्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले.

तृष्णा, क्लम, भ्रम या अवस्थेत शीतस्थानी विश्रांती व पानक योग्य होय. मात्र तीव्र संतापासह प्रलाप वा संज्ञानाश दिसल्यास मुखाने काहीही देऊ नये; अंग गार पाण्याने भिजवून वारा घालीत रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनी मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धांना वैद्याचा सल्ला घेण्यास आवर्जून सुचवावे.