शॉर्टफिल्मच्या सीनला स्वतःचे संगीत का हवे? ते तयार कसे होते?

शूटिंग झाले, एडिटिंग झाले. शेवटी एखाद्या गाजलेल्या गाण्याचे संगीत मागे लावले आणि फिल्म यूट्यूबवर टाकली. अडचण इथेच सुरू होते. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा ते संगीत ओळखते. मग जाहिरातीचे पैसे संगीताच्या मालकाकडे जाऊ शकतात किंवा व्हिडिओ ब्लॉक होऊ शकतो. यावरचा पक्का उपाय म्हणजे स्वतःचे संगीत.

आधी सीन समजून घ्या
समजा, सीन परभणी रेल्वे स्थानकावरचा आहे. आई शिकायला निघालेल्या मुलाला पुण्याच्या गाडीत बसवून देते. लांबी ४५ सेकंद. तिसाव्या सेकंदाला गाडी हलते. संगीतकार आधी दिग्दर्शकाला विचारतो : संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार आणि ते कोणाच्या मनातले? मुलाच्या मनातले असेल, तर त्यात उत्सुकता येईल. आईच्या मनातले असेल, तर पेटीचा एक लांब सूरही पुरेल.

लयीचा हिशेब
मिनिटाला ८० ठोके धरले, तर ४५ सेकंदांत ६० ठोके बसतात. चार-चार ठोक्यांची १५ आवर्तने. गाडी हलते तेव्हा ४० ठोके, म्हणजे बरोबर १० आवर्तने पूर्ण होतात. चाल तिथेच वळवायची. नंतर एडिट दोन सेकंदांनी बदलला तरी हा हिशेब बिघडतो. म्हणून एडिट पक्का झाल्यावरच संगीत करावे.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) मुलगी गेल्याचे वडिलांना कळते, तेव्हा आईचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याजागी तारशहनाई वाजते. रविशंकर यांचे संगीत असलेला तो प्रसंग आजही अंगावर येतो.

अभंग चालेल का?
संत जनाबाई गंगाखेडच्या. त्यांच्या अभंगांचे शब्द कॉपीराइटच्या बाहेर आहेत. मात्र एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे सुरक्षित असते. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. म्हणजे शब्द घ्या, पण चाल नवी करा आणि आवाज स्वतः रेकॉर्ड करा.

मित्राने संगीत दिले तर?
तरीही कागद करा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ५ वर्षे धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. फिल्म पुढे परदेशातील महोत्सवात गेली, तर तोंडी ‘वापर रे’ कामाला येत नाही. कागदावर रक्कम, मुदत, प्रदेश आणि श्रेयनामावलीतले नाव, या चार गोष्टी असल्या की फिल्मही सुरक्षित आणि मैत्रीही.